केसांची रेषा सरळ करायची, पण कशाच्या तुलनेत?



पेट, सेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या ज्युनिअर मुलामुलींशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. बेसलाइन, कंट्रोल, फॉलो-अप या शब्दांच्या व्याख्या सगळ्यांना पाठ असतात. नेटच्या पहिल्या पेपरात त्यावर प्रश्न येतात आणि ते बरोबर सुटतातही. पण हेच शब्द स्वतःच्या एखाद्या निर्णयाला लावून बघायचे असतात, हे फारसं कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. ते शिकायला मला दहा हजार रुपये मोजावे लागले. थोडक्यात वाचलो, नाहीतर बरंच जास्त गेलं असतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पीएचडीचं पहिलं वर्ष, वय पंचवीस. फेलोशिपचे सात महिने थकलेले पैसे एकदम खात्यात जमा झाले होते. तिकडे गावी आईने स्थळं बघायला सुरुवात केली होती आणि बायोडेटाला लावायला तिला ‘एक चांगला फोटो’ हवा होता. फोटो काढला आणि पहिल्यांदा नीट दिसलं की माझ्या कपाळावरची केसांची रेषा, म्हणजे हेअरलाइन, दोन्ही बाजूंना सारखी नाही. डावा कोपरा उजव्यापेक्षा चांगलाच आत गेलाय. एकदा दिसलं की मग आरशात दुसरं काही दिसतच नाही, तसं झालं.

एका क्लिनिकला फोटो पाठवला. तिथल्या समुपदेशकाने फोनवरच सांगितलं, “सर, २५०० ग्राफ्ट लागतील. हेअरलाइन एकदम सरळ करून देऊ. या महिन्यात बुकिंग केलंत तर सवलत आहे.” मी दहा हजार रुपये आगाऊ भरून मोकळा झालो.

त्याच आठवड्यात लॅब मीटिंगमध्ये माझी पाळी होती. मी झेब्राफिशवर काम करतो. या माशाचा खवला काढला की तो दोन-तीन आठवड्यांत परत येतो, तो कसा येतो हा माझा विषय. मी हौसेने आलेख दाखवला. आमच्या मॅडमनी तो शांतपणे बघितला आणि म्हणाल्या, “आलेख छान आहे. आता मला सांग, खवला काढायच्या आधी तिथे काय होतं? आणि ज्या बाजूला तू हातच लावला नाहीस, तिथे या काळात काय झालं?”

माझ्याकडे दोन्हीची उत्तरं नव्हती. रात्री हॉस्टेलवर पडल्या पडल्या लक्षात आलं की माझ्या कपाळाबद्दलही हेच दोन प्रश्न आहेत, आणि त्यांचीही उत्तरं माझ्याकडे नाहीत. आधी काय होतं? आणि उजव्या बाजूला काय चाललंय?

हा लेख त्या दोन प्रश्नांवर आहे. विषय हेअर ट्रान्सप्लांटचा, म्हणजे केशरोपणाचा आहे. त्यातलं विज्ञान समजून घेऊ आणि त्यासोबत संशोधनाची पद्धतही कशी कामाला येते ते बघू.

आधी निदान: ‘असमान’ म्हणजे नक्की काय?

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना आपली पहिली चूक ठरलेली असते. प्रश्न पक्का व्हायच्या आधीच आपण पद्धत निवडून बसतो. “मला आरएनए सिक्वेन्सिंग करायचंय” असं मुलं म्हणतात. कशासाठी, ते नंतर ठरतं. “मला ट्रान्सप्लांट करायचंय” हेही त्यातलंच.

केसांची रेषा असमान दिसण्याची कारणं अनेक आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

पहिलं, ती जन्मजातच तशी असू शकते. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. एक भुवई वर, एक कान किंचित खाली, तशीच केसांची रेषा. त्यात पुढच्या बाजूला भोवरा असेल तर केस एका अंगाला वळतात आणि रेषा वाकडी भासते.

दुसरं, जुनी जखम, भाजल्याचा व्रण किंवा टाके. इथे केशरोपण होऊ शकतं, पण व्रणाच्या कातडीत रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे डॉक्टर अनेकदा आधी थोडे ग्राफ्ट लावून ते जगतात का ते पाहतात. म्हणजे आपल्या भाषेत पायलट स्टडीच.

तिसरं, केस ओढले जाणं. वर्षानुवर्षं घट्ट वेणी किंवा करकचून बांधलेला अंबाडा घातला की कानशिलाजवळचे केस विरळ होत जातात. लवकर लक्षात आलं तर ओढ थांबवली की केस परत येऊ शकतात. ओढ चालूच ठेवून केस लावण्यात मात्र काही अर्थ नाही.

चौथं, चाई. यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते आणि गोल चकती पडते. हा हल्ला चालू असताना नवीन मूळ आणून लावलं तरी त्याच्यावरही हल्ला होऊ शकतो.

आणि पाचवं, सगळ्यात नेहमीचं, पुरुषी पद्धतीचं टक्कल. यात दोन्ही कोपरे मागे सरकतात, पण ते एकाच वेगाने सरकतील असं नाही.

फोनवर पाठवलेल्या एका फोटोवरून या पाचांतलं कुठलं ते सांगता येत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने टाळू बघतात. पुरुषी टकलात जाड केसांच्या शेजारीच बारीक, लव झालेले केस दिसतात. शेजारशेजारच्या केसांच्या जाडीत असा फरक दिसणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं तर ती या टकलाची खूण मानतात. डोळ्यांना हे दिसत नाही. साधारण निम्मे केस विरळ होईपर्यंत आपल्याला फरकच जाणवत नाही असं मानलं जातं. म्हणजे डोळा हे उपकरण आहे खरं, पण फार उशिरा रीडिंग देणारं.

हे मुळात चालतं कसं? एक चौकोनी प्रयोग

आता माझा आवडता भाग. डोक्याच्या मागचा केस पुढे आणून लावला तर तो जगतो, हे आज आपण गृहीत धरतो. पण विचार करा, तो का जगावा? पुढच्या जागेवरचे मूळचे केस तर तिथेच गेले ना?

टकलाबद्दल पूर्वी अनेक कल्पना होत्या. टाळूची कातडी ताणली जाते, तिथला रक्तपुरवठा कमी पडतो, वगैरे. या सगळ्यांचा सूर एकच, दोष जमिनीत आहे. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने दाखवलं की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले वा काढले गेले त्यांना असं टक्कल पडत नाही, आणि त्यांना पुरुष संप्रेरक दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे अशांना ते पडू लागतं. म्हणजे संप्रेरक हवं आणि आनुवंशिक कलही हवा. पण तरी एक प्रश्न उरलाच. संप्रेरक तर रक्तातून सगळ्या डोक्यात फिरतं. मग मागचे केस शाबूत कसे?

न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइश यांनी १९५२ पासून कातडीचे छोटे गोल तुकडे एका जागेवरून दुसऱ्या जागी लावून पाहिले आणि १९५९ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. नुसतं ‘केसाळ तुकडा टकलावर लावला, केस उगवले’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. कागदावर दोन रकाने आणि दोन ओळींचा चौकोन काढा. केसाळ भागातला तुकडा टकलावर. टकलाचा तुकडा केसाळ भागात. केसाळ तुकडा केसाळ भागातच. टकलाचा तुकडा टकलावरच. असे चारही प्रकार.

शेवटचे दोन प्रकार बघून कुणी म्हणेल, हा काय वेडेपणा? टकलाचा तुकडा टकलावर लावून काय मिळणार? पण तेच कंट्रोल आहेत. कापून परत लावण्यानेच काही फरक पडतो का, हे त्यांच्याशिवाय कळणार नाही. आणि दुसरा प्रकार तर प्रयोगाचा प्राण आहे. केसाळ भागात लावलेला टकलाचा तुकडा टकलाचाच राहिला. तिथे ‘जमीन’ उत्तम होती, तरी काही उगवलं नाही. उलट टकलावर लावलेला केसाळ तुकडा केस देत राहिला. म्हणजे निर्णय जमिनीचा नाही, मुळाचा आहे. मूळ जिथून आलं तिथला स्वभाव घेऊन येतं. याला ‘डोनर डॉमिनन्स’ म्हणतात. आपण ‘दात्या जागेचं वर्चस्व’ म्हणू.

मी कोकणातला. आमच्याकडे भाताचा तरवा काढून दुसऱ्या कुणग्यात लावतात. कुठल्या वाणाचं भात येणार हे तरवा ठरवतो, कुणगा नाही. पण कुणगा अगदीच बिनमहत्त्वाचा असतो का? नाही. २००२ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी टाळूवरचे केस पायावर लावून पाहिले. केस जगले, पण त्यांचा वाढीचा वेग टाळूवरच्यापेक्षा कमी झाला. म्हणजे तत्त्व मोडलं नाही, त्याची हद्द कळली. चांगला पुढचा पेपर बहुतेक वेळा एवढंच करतो, आणि तेवढं पुष्कळ असतं.

आणखी एक गोष्ट सांगतो. जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्येच केसाळ कातडीचे छोटे तुकडे व्रणांवर लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. पुढे युद्ध पेटलं आणि पाश्चात्त्य जगाला त्या कामाचा पत्ता बराच काळ लागला नाही. म्हणून संदर्भ शोधताना फक्त एका भाषेतलं, फक्त सहज सापडणारं वाचून ‘यावर काम झालेलं नाही’ असं प्रस्तावात लिहू नका. आरआरसीत कुणीतरी हमखास पकडतं.

हिशेब: आपल्याजवळ आहे किती?

तरवा आणि केस यांत एक मोठा फरक आहे. तरवा पुढच्या वर्षी परत पेरता येतो. माझ्या माशाचा खवलाही परत येतो. माणसाच्या केसाचं मूळ एकदा उचललं की मागच्या जागी नवीन मूळ येत नाही. केशरोपणात केस वाढत नाहीत, फक्त जागा बदलतात. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

केस टाळूतून एकेकटे येत नाहीत, एक ते चार केसांच्या झुबक्याने येतात. १९८४ मध्ये हेडिंग्टन यांनी टाळूचे आडवे छेद घेऊन या झुबक्यांची, म्हणजे फॉलिक्युलर युनिटची, रचना मांडली. आजचा एक ग्राफ्ट म्हणजे साधारण असा एक झुबका. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या सुरक्षित पट्ट्यातून आयुष्यभरात साधारण चार ते सहा हजार ग्राफ्ट निघू शकतात. व्यक्तीनुसार कमीजास्त. ही आपली एकूण शिल्लक.

आता माझा हिशेब बघा. ओव्हरहेड प्रोजेक्टरची एक पारदर्शक शीट कपाळावर धरून मी मार्करने दोन्ही कोपरे गिरवून घेतले. रूममेट हसत होता, पण शीट त्यानेच धरली. मग ती आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजले. डावा कोपरा उजव्यासारखा करायला भरावी लागणारी जागा निघाली ९ चौरस सेंटिमीटर. रोपण करताना साधारणपणे चौरस सेंटिमीटरला ३० ते ४० ग्राफ्ट बसवतात. नैसर्गिक घनता याच्या दुप्पट असते, पण निम्म्या घनतेतही डोकं भरलेलं दिसतं. तेव्हा ९ गुणिले ४० म्हणजे ३६० ग्राफ्ट. कडा मिसळायला थोडे जास्त धरा, ५०० म्हणा.

क्लिनिकने सांगितले होते २५००. उलटा भागाकार करा. २५०० भागिले ४० म्हणजे साडेबासष्ट चौरस सेंटिमीटर. साडेबारा सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद पट्टा. माझा प्रश्न एका कोपऱ्याचा होता, उत्तर अख्ख्या कपाळाचं मिळालं होतं. आणि त्यात माझ्या आयुष्यभराच्या शिलकीतला निम्म्याच्या आसपास भाग पंचविसाव्या वर्षी संपला असता.

हा हिशेब करायला पीएचडी लागत नाही. आठवीचं गणित लागतं. पण कुणी आकडा सांगितला की त्याच्या मागचं क्षेत्रफळ काढून बघायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

सरळ रेषा ही दुरुस्ती नव्हे

‘एकदम सरळ करून देऊ’ या वाक्यातही घोटाळा आहे. कुठल्याही सहा वर्षांच्या मुलाची केसांची रेषा जवळून बघा. ती पट्टीने आखल्यासारखी नसतेच. पुढच्या अर्धा-एक सेंटिमीटरच्या पट्ट्यात एकेकटे, बारीक केस विखुरलेले असतात. त्यांच्या मागे दोन-दोन, तीन-तीनचे झुबके दाट होत जातात. ओरेन्ट्राइश यांच्या काळातले तुकडे चांगले मोठे असत, त्यामुळे पुढे रांगेने जुड्या लावल्यासारखं दिसे, अगदी बाहुलीच्या डोक्यासारखं. तत्त्व शंभर टक्के बरोबर होतं, तरी परिणाम ओंगळ होता. ग्राफ्ट सूक्ष्मदर्शकाखाली झुबक्याएवढे लहान होईपर्यंत आणखी तीसेक वर्षं गेली. ‘सिद्ध झालं’ आणि ‘वापरण्याजोगं झालं’ यांच्यात एवढं अंतर असू शकतं.

म्हणून असमान रेषा नीट करणारे चांगले शल्यविशारद आधी रुग्णाला ताठ बसवून रेषा आखतात, आडवं झोपवून नाही. मोजायची कुठून, हाही प्रश्न असतो. भुवईपासून मोजावं तर भुवयाच वरखाली असतात. म्हणून नाकावरून जाणारी मध्यरेषा धरतात, काही जण लेझर लेव्हलची रेघ टाकून दोन्ही बाजू ताडून बघतात. मग त्या ताडलेल्या रेषेत मुद्दाम बारीक अनियमितपणा आणतात. केसाचा कोनही महत्त्वाचा. पुढचे केस कातडीतून उभे येत नाहीत, पुढे झुकून येतात. कानशिलाजवळ तर ते जवळजवळ आडवे, खाली वळलेले असतात. कोन चुकला तर केस जगूनही उपरा दिसतो.

केस काढायच्या मुख्य पद्धती दोन. एफयूटीत मागच्या भागातली कातडीची अरुंद पट्टी काढून टाके घालतात आणि पट्टीतले झुबके सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करतात. मागे एक आडवा व्रण राहतो. एफयूईत साधारण एक मिलिमीटरच्या पोकळ पंचने एकेक झुबका काढतात. आडवा व्रण नसतो, पण ठिपक्यांसारखे बारीक व्रण राहतात, आणि आंधळेपणाने पंच चालवला तर कातडीखालचं मूळच कापलं जाण्याचा धोका असतो. ‘एफयूईत व्रणच राहत नाही’ असं कुणी सांगितलं तर समजा की तो विक्रेता बोलतोय.

भूल स्थानिक असते, पण म्हणून हे ब्यूटी पार्लरमधलं काम ठरत नाही. जंतुसंसर्ग, बधिरपणा, भुलेच्या औषधाची प्रतिक्रिया असे धोके असतात. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसत्या कार्यशाळेला हजर राहून किंवा यूट्यूबवर बघून हे काम सुरू करणं पुरेसं प्रशिक्षण नव्हे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. असं लिहावं लागलं यावरून काय ते समजा.

उजव्या बाजूचं काय?

आता मॅडमचा दुसरा प्रश्न. ज्या बाजूला हात लावला नाही, तिथे या काळात काय झालं?

मी क्लिनिकला कळवलं की सध्या नको. आगाऊ भरलेले पैसे परत मिळाले नाहीत, पावतीवर बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं. मी न वाचता सही केली होती, त्याचं खापर कुणावर फोडत नाही. मग एका त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं आणि त्यांच्या सल्ल्याने वर्षभर नोंद ठेवायचं ठरवलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच खुर्चीवर, त्याच ट्यूबलाइटखाली, केस कोरडे आणि त्याच लांबीचे असताना, तीन कोनांतून फोटो. दर तीन महिन्यांनी पारदर्शक शीट. सुट्टीत गावी गेलो तेव्हा जुने अल्बमही काढले. मामा, आजोबा, काका, सगळ्यांचे लग्नातले फोटो. टक्कल फक्त आईकडून येतं असं आपल्याकडे म्हणतात. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकाचा वाटा मोठा आहे हे खरं, पण इतर अनेक जनुकं दोन्हीकडून येतात. त्यामुळे दोन्हीकडचे अल्बम बघावे लागतात.

काय मिळालं? वर्षभरात डावा कोपरा काही मिलिमीटर मागे गेला होता. उजवा शीटवर जवळजवळ होता तिथेच होता. मी खूश झालो, म्हटलं उजवी बाजू स्थिर आहे, डावी तिच्यासारखी करून घेऊ. पण डॉक्टरांनी डर्मोस्कोपखाली उजवी बाजू दाखवली. तिथेही जाड केसांमध्ये बारीक लव झालेले केस होते. म्हणजे दोन्ही बाजू एकाच वाटेवर निघाल्या होत्या. डावी पुढे गेली होती, उजवी मागून येत होती. मला जी ‘असमानता’ वाटत होती ती चालत्या गाडीचा एक फोटो होता.

आता गंमत बघा. त्या महिन्यात मी डावा कोपरा भरून उजव्याच्या बरोबरीला आणला असता तर काय झालं असतं? लावलेले केस मागच्या स्वभावाचे, ते तिथेच टिकले असते. उजवा कोपरा पुढच्या काही वर्षांत मागे गेला असता. आणि मी परत असमान झालो असतो, फक्त उलट्या बाजूने. त्याहून वाईट म्हणजे, लावलेल्या केसांच्या मागचे मूळचे केस गेले असते तर पुढे केसांचं एक बेट आणि मागे मोकळं रान. ज्या डोनर डॉमिनन्समुळे ही शस्त्रक्रिया चालते, त्याच्याचमुळे ती चुकीच्या वेळी केली तर फसते.

म्हणून डॉक्टर कमी वयात घाई करू नका म्हणतात आणि आधी केस जाणं थांबवायचा किंवा मंदावायचा प्रयत्न करतात. त्यासाठी दोन औषधांचा मुख्य वापर होतो, लावायचं मिनॉक्सिडिल आणि पोटात घ्यायचं फिनास्टेराइड. दोन्ही चालू असेपर्यंतच काम करतात आणि त्यांचे दुष्परिणामही आहेत, तेव्हा ती दुकानातून आपापली आणू नका, डॉक्टरांशी बोला.

आधीचा फोटो, नंतरचा फोटो

शेवटी जाहिरातींतल्या जोडफोटोंविषयी. हा खरं तर आपल्या क्षेत्रातल्या अर्ध्या चुकांचा संग्रह आहे. पुढचा असा फोटो दिसला की हे विचारा.

दोन्ही फोटोंत प्रकाश, कोन, केसांची लांबी सारखी आहे का? आधीचा ओल्या केसांचा आणि नंतरचा विंचरून फुगवलेला नाही ना? ओले केस टाळू उघडी पाडतात.

नंतरचा फोटो किती काळाने काढलाय? लावलेले केस पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक गळतात. मूळ आत विश्रांतीला जातं. तीन-चार महिन्यांनी नवीन केस यायला लागतात आणि पूर्ण चित्र दिसायला साधारण वर्ष लागतं. तेव्हा तिसऱ्या महिन्यात रडू नये, आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी जिंकलो असंही म्हणू नये. खरी परीक्षा पाच-दहा वर्षांनी असते, आणि तेव्हाचे फोटो फारसे कुणी लावत नाही.

सोबत औषधं चालू होती का? असतील तर फरक रोपणाचा किती आणि औषधाचा किती, हे त्या जोडफोटोतून सांगता येत नाही. यालाच आपण कन्फाउंडिंग म्हणतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोटो कुणाचे लावले? शंभरातले उत्तम दहा निवडले असतील तर उरलेल्या नव्वदांचं काय झालं?

शेवटी

आज मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. औषधं चालू आहेत, गेली दीड वर्षं दोन्ही कोपरे शीटवर जागच्या जागी आहेत. शस्त्रक्रिया अजून केलेली नाही. करणारच नाही, असंही नाही. स्वतःचं दिसणं नीट करावंसं वाटणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि व्रणामुळे किंवा भाजल्यामुळे रेषा बिघडलेल्या कित्येकांना या शस्त्रक्रियेने खरोखर मोकळं केलंय. मी केली तर पाचशेच्या आसपास ग्राफ्टची करीन, आणि सरळ रेषा मागणार नाही. बायोडेटाला आईने शेवटी तोच फोटो लावला. तिला त्यात काहीच वाकडं दिसलं नव्हतं.

माझ्या माशांच्या आलेखात आता न काढलेल्या बाजूचा रकाना असतो. खवला काढायच्या आधीचा फोटोही असतो.

तुमच्यासाठी एक काम देतो. तुम्ही पुढच्या सहा महिन्यांत पैसा किंवा वेळ घालून काहीतरी ‘सुधारायचं’ ठरवलं असेल, क्लास लावायचा असेल, विषय बदलायचा असेल, काहीही. एका कागदावर तीन ओळी लिहा. आत्ता ते नेमकं कसं आहे, हे मी मोजलंय का? मी कशाच्या तुलनेत त्याला कमी म्हणतोय? आणि मी काहीच केलं नाही तर वर्षभरात ते आपोआप कुठे जाईल? तिन्ही ओळी भरता आल्या तर तुमचा प्रश्न तयार आहे, पद्धत निवडा. एखादी रिकामी राहिली तर पैसे भरू नका, आधी ती ओळ भरा.

भेटू पुढच्या लेखात.